दोष शोधायचा की दोषी?

"हे जोडलं कुणी?"

दुकानदाराचा पहिला प्रश्न हा होता. मॉनिटरवर काय दिसतं, पंखा फिरतो का, केबल कुठं लावली होती, यातलं त्यानं काही विचारलं नाही. माझी भाची म्हणाली, "मी जोडलंय." तो हसला. कॅबिनेटची बाजू न उघडताच म्हणाला, "मग मदरबोर्ड गेला. पोरीबाळींनी हात लावल्यावर दुसरं काय होणार?" नव्या बोर्डाचे साडेसात हजार, नाहीतर जुना कंपनीकडं पाठवतो, महिनाभर तरी लागेल, असा निकालही त्यानं उभ्या उभ्या देऊन टाकला.

ही गोष्ट सोलापुरातली आहे. दुकानाचं नाव सांगत नाही, कारण मला त्या एका दुकानाविषयी बोलायचं नाही. ज्या सवयीविषयी बोलायचं आहे ती त्या दुकानातही आहे, आपल्या शाळेत आहे, कचेरीत आहे आणि माझ्या-तुमच्या घरातही आहे. काही बिघडलं की आपण दोष शोधत नाही, दोषी शोधतो. आणि दोषी कोण ते तर बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं.

आधी हकिकत सांगतो. भाची टेक्सटाइल डिझाइनचा डिप्लोमा करते. चादरीची नक्षी पूर्वी चौकटीच्या कागदावर रंगवत, आता ती संगणकावर काढतात. त्यासाठी तिला मशीन हवं होतं. माझ्या आपानं दोन वर्षं भरलेली भिशी उचलली, दुल्हेभाईंनी ओव्हरटाइमचे पैसे घातले, असे जवळपास ४० हजार जमले. सुट्या भागांची यादी दुकानदारानंच करून दिली. पोरीनं जोडायचे हजार रुपये वाचवले आणि घरी बसून, पुस्तिका बघत, एकेक भाग स्वतः जोडला. बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले. मॉनिटरवर मात्र "नो सिग्नल" एवढीच अक्षरं. थोड्या वेळानं तीही गेली.

घरात काय झालं असेल ते तुम्हाला सांगायला नको. आपा म्हणाली, "किसीकी नजर लगी." शेजारच्या चाचांनी कॉम्प्युटर पोरींना कशाला, यावर पंधरा मिनिटं घेतली. आणि मी? मी लेखक, सुधारणावादी, मुलींच्या शिक्षणावर या जागी चार लेख लिहिलेला माणूस. मी फोनवर तिला काय म्हणालो? "दुकानातूनच जोडून घ्यायचं होतंस ना!" म्हणजे दुकानदारानं जे दुसऱ्या दिवशी केलं, ते मी आदल्या रात्रीच करून मोकळा झालो होतो. यंत्राकडं न बघता मी पोरीकडं बोट दाखवलं. हा लेख लिहायचं पहिलं कारण ती लाज आहे.

दुकानातून मशीन तसंच परत आलं. त्या रात्री ते उघडलं दुल्हेभाईंनी. ते अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जॉबर आहेत. सोलापूरकरांना जॉबर म्हणजे कोण ते सांगावं लागत नाही, इतरांसाठी सांगतो: यंत्रमाग बिघडला की जो तो पुन्हा चालता करतो, तो जॉबर. शिक्षण आठवी. संगणकाला त्यांनी आयुष्यात हात लावलेला नाही. पण त्यांनी लेकीला विचारलेला पहिला प्रश्न दुकानदारापेक्षा शंभर पटीनं शहाणा होता: "कहाँ तक चलता है? और कहाँ रुकता है?"

यातच सगळं आलं. माग थांबला म्हणून कुठला जॉबर मोटर बदलायला धावत नाही. बाण्याचा धागा तुटला तरी माग थांबतो, कांडी संपली तरी थांबतो, धोटा अडकला तरी थांबतो. थांबणं हे लक्षण आहे, रोग नाही. जॉबर बघतो की वीज येते का, पट्टा फिरतो का, धोटा कुठवर जातो, धागा कुठं सुटला. स्वस्त आणि जवळचं आधी, महाग आणि लांबचं शेवटी. मोटर शेवटी.

"डिस्प्ले येत नाही" हेही असंच फक्त लक्षण आहे. संगणक सुरू होताना आधी स्वतःची तपासणी करतो: प्रोसेसर आहे का, रॅम आहे का, चित्र पाठवायची सोय आहे का, डिस्क आहे का. यातल्या कुठल्याही पायरीवर तो अडला तरी बाहेरून दिसतं एकच, काळा पडदा. पंखा फिरतो याचा अर्थ वीज पंख्यापर्यंत आली एवढाच. बोर्ड चांगला आहे हे त्यावरून ठरत नाही आणि बोर्ड गेला हेही ठरत नाही. काळा पडदा बघून "बोर्ड गेला" म्हणणारा आणि ताप बघून "टायफॉइड" म्हणणारा, दोघे एकाच वर्गात शिकलेले.

मग बाप-लेक कसे गेले ते क्रमानं सांगतो. उद्या तुमच्या घरी ही वेळ आली तर उपयोगी पडेल.

आधी मॉनिटर. त्याला वीज आहे का, त्याच्या बटणावरून योग्य इनपुट निवडलं आहे का. केबल दुसऱ्या यंत्राला लावून पाहिली. घरच्या सेट टॉप बॉक्सला ती एचडीएमआय केबल लावली, मॉनिटरवर चित्र आलं. मॉनिटर सुटला, केबल सुटली. खर्च शून्य.

मग वीज. बोर्डाला वीज दोन ठिकाणी लागते. एक २४ पिनांचं मोठं कनेक्टर आणि दुसरं प्रोसेसरजवळच्या कोपऱ्यातलं, बहुधा ८ पिनांचं. हे दुसरं लावायचं राहिलं तरी पंखे फिरतात आणि माणूस फसतो. शिवाय ग्राफिक्स कार्डाचं ८ पिनांचं कनेक्टर जवळजवळ तसंच दिसतं, पण ते इथलं नव्हे. जोर करून बसवायचं नाही. इथं दोन्ही नीट बसलेली होती. पोरीचं काम चोख.

मग रॅम. रॅमची पट्टी खाचेत बसली असं वाटतं आणि बसलेली नसते, नव्या मशीनमध्ये हे फार वेळा घडतं. बाजूची चाप "कट्‌" वाजेपर्यंत दाबावी लागते. एकच पट्टी असेल तर ती कुठल्या खाचेत लावायची हे पुस्तिकेत असतं. चार खाचांच्या बहुतेक बोर्डांवर ती प्रोसेसरकडून दुसरी खाच असते. भाचीनं पहिलीत लावली होती. ही तिची चूक. होय, एक चूक निघाली, ती लपवत नाही. पट्टी बदलली, पडदा काळाच. म्हणजे चूक होती, पण आजार तो नव्हता. हा फरक करायला धीर लागतो. दोषी शोधणारा माणूस पहिली चूक सापडली की तिथंच थांबतो आणि "बघा, म्हटलं नव्हतं?" म्हणतो. दोष शोधणारा पुढं जातो.

धीराचं आणखी एक. डीडीआर५ रॅमच्या काही नव्या मशीनना पहिल्यांदा सुरू होताना रॅमची घडी बसवायला काही मिनिटं लागतात. तेवढा वेळ पडदा काळाच असतो. लोक अर्ध्या मिनिटात बटण बंद करतात, पुन्हा लावतात, पुन्हा बंद करतात आणि मशीन खराब निघालं म्हणून दुकान गाठतात. यांनी दहा मिनिटं वाट पाहिली.

मग बायोस मूळ स्थितीवर आणणं. भिंतीचा प्लग काढायचा, बोर्डावरची रुपयाएवढी बटण-बॅटरी काही मिनिटं बाहेर ठेवायची, परत बसवायची. तेही झालं. काही फरक नाही.

आणि मग दुल्हेभाईंनी विचारलं, "ये लाल बत्ती काहेकी?"

बोर्डाच्या कडेला चार बारीक दिवे होते. नव्या पुष्कळ बोर्डांवर असतात. एक प्रोसेसरचा, एक रॅमचा, एक चित्राचा म्हणजे 'व्हीजीए'चा, एक डिस्कचा. तपासणी ज्या पायरीवर अडते त्या पायरीचा दिवा लागून राहतो. इथं लागलेला दिवा चित्राचा होता. मशीन पहिल्या मिनिटापासून सांगत होतं की प्रोसेसर ठीक, रॅम ठीक, अडलंय ते चित्रापाशी. भाचीनं कीबोर्डवरची नम लॉकची कळ दाबून पाहिली, तर तिचा दिवा लागत होता, विझत होता. म्हणजे मशीन जिवंत होतं, ऐकत होतं. फक्त दाखवू शकत नव्हतं.

कारण प्रोसेसरच्या खोक्यावर होतं. नावाच्या आकड्यानंतर एक अक्षर: 'एफ'. इंटेलच्या ज्या साध्या डेस्कटॉप प्रोसेसरच्या नावात हे अक्षर येतं, त्यांत चित्र तयार करणारा भाग वापरता येत नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड लावावंच लागतं. एएमडीतही असं आहे: रायझनच्या ५६०० मध्ये तो भाग नाही, ५६००जी मध्ये आहे. एका अक्षराचा फरक. 'एफ'वाला थोडा स्वस्त पडतो. दुकानदाराच्या यादीत 'एफ'वाला प्रोसेसर होता आणि ग्राफिक्स कार्ड नव्हतं. ती यादी ज्या दिवशी लिहिली गेली त्याच दिवशी या मशीनच्या पडद्यावर काही दिसणार नाही हे ठरलेलं होतं. ते पोरीनं जोडलं असतं तरी, मी जोडलं असतं तरी आणि हजार रुपये घेऊन दुकानदारानं जोडलं असतं तरी.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एकाच्या जुन्या मशीनमधलं कार्ड दोन तासांसाठी आणलं. बटण दाबलं. आलं चित्र. साडेसात हजारांचा बोर्ड जागच्या जागी शाबूत.

आता काही वाचक म्हणतील, दुकानदार बदमाश होता, एवढंच. मला तसं वाटत नाही, आणि तसं म्हणणं म्हणजे मीही दोषीच शोधणं. बहुधा त्याला तपासायचं कसं हे कुणी शिकवलेलंच नाही. तो भाग बदलून बघायला शिकला आहे. बदलून चालला तर तो भाग खराब होता. हे निदान नव्हे, गिऱ्हाइकाच्या खिशाचं पाणी जोखणं आहे. पण न बघता निकाल देण्याची जबाबदारी त्याचीच. चार दिवे समोर असताना त्यानं झाकणसुद्धा उघडलं नाही, कारण उत्तर त्याला आधीच मिळालं होतं: पोरीनं जोडलंय.

इथं मला थोडं स्पष्ट बोलू द्या. या लेखाच्या वाचकांपैकी पुष्कळांना हा अनुभव वेगळ्या रूपात माहीत आहे. काय झालं याआधी नाव काय, राहता कुठं, हे विचारलं जातं आणि चौकशी तिथंच संपते. त्याचा राग आपल्याला येतो, यायलाच हवा. पण मग आपल्याच उंबऱ्याच्या आत, पोरीच्या हातात स्क्रू ड्रायव्हर दिसला की आपण वेगळं काय करतो? "नजर लगी", "पोरींचं काम नव्हे", "दुकानातूनच आणायचं होतंस". आपल्यावर होतो तो अन्याय आणि आपण करतो ती घरगुती गोष्ट, असं वाटून घेता येणार नाही.

आणखी एक सवय. आपल्या व्हॉट्सॲप गटांवर दर महिन्याला एक संदेश फिरतो: अल्गोरिदम हा शब्द अल-ख्वारिज्मीच्या नावावरून आला, संगणकाचा पाया आपण घातला. पहिला भाग खरा आहे. नवव्या शतकातल्या बगदादच्या त्या गणितज्ञाच्या नावाचं लॅटिन रूप होत होत तो शब्द बनला. पण अल्गोरिदम म्हणजे काय? उत्तरापर्यंत नेणाऱ्या ठरलेल्या पायऱ्या, एकही न गाळता. तो संदेश पुढं ढकलणारे आम्ही सगळे त्या रात्री पायऱ्या गाळून निकालावर पोहोचलो होतो. ख्वारिज्मीच्या वाटेनं चालला तो आठवी शिकलेला जॉबर, ज्यानं हे नाव कधी ऐकलेलंही नाही. वारसा सांगायचा असेल तर आधी तो हातात असावा लागतो.

सोलापूरला तर दुसराही वारसा आहे, तो कुणी सांगत नाही. आपली चादर विणली जाते ती जकार्डवर. जोसेफ मारी जकार्डनं हे यंत्र १८०४ च्या सुमारास फ्रान्समधल्या लियों शहरात आणलं. पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची. भोक असेल तिथला हूक धागा उचलतो, नसेल तिथं उचलत नाही. होय किंवा नाही, या दोनच शब्दांत सगळी नक्षी. पुढं इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणन यंत्रासाठी हीच कार्डांची कल्पना घेतली आणि १८९० च्या अमेरिकन जनगणनेत हॉलरिथची यंत्रं भोकांच्या कार्डांवर चालली. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, ते आपण अभिमानानं सांगतो. पण त्या चादरीचा माग चालवणाऱ्या घरातली पोर संगणक उघडते तेव्हा ती परक्या घरात शिरत नाही, हे आपल्याला का सुचत नाही? पिढ्यान् पिढ्या त्या भोकांच्या कार्डांशी ज्यांनी व्यवहार केला त्यांना आपण अडाणी म्हणतो, आणि वर्डमध्ये अर्ज टाइप करता येणाऱ्याला "कॉम्प्युटर शिकलेला".

याचा विरोधी मुद्दा मला ठाऊक आहे आणि तो खोटा नाही. "उद्या सगळे घरी मशीन उघडून बसले आणि काही जळलं तर भरपाई कोण देणार? ज्याचं काम त्यानं करावं." बरोबर. म्हणून मर्यादाही सांगतो. प्लग काढल्याशिवाय आत हात घालायचा नाही. एसएमपीएसचा, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा कधीही उघडायचा नाही. वीज बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतकी वीज राहू शकते. हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला स्पर्श करायचा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. प्रोसेसरच्या खाचेतल्या पिना केसासारख्या असतात. वाकल्या तर वॉरंटीत सहसा बसत नाहीत, त्यांना बोट लावायचं नाही. यापुढचं काम जाणकाराचं. पण केबल कुठं लावली, दिवा कुठला लागला, खोक्यावर काय लिहिलंय, हे बघायला जाणकार लागत नाही. आणि जाणकाराकडं जातानासुद्धा "कुठवर चालतं, कुठं अडतं" हे सांगता येणारा माणूस सहजी फसत नाही. आम्ही "बंद पडलंय, बघा" एवढंच म्हणून हात जोडतो, तेव्हा समोरच्याला वाटेल ते म्हणायचा परवाना आपणच देतो.

आमच्या मशीनबरोबर आलेल्या पुस्तिकेत कितीतरी भाषा होत्या, मराठी नव्हती. परक्या कंपनीवर रागावून फायदा नाही. आपण काय केलं? महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटी आहे. लाखो मुलांनी ती परीक्षा दिली, अनेकांना नोकरीसाठी ती लागली. पण ती परीक्षा संगणक वापरायची आहे, उघडायची नाही. आयटीआयमध्ये संगणक दुरुस्ती शिकवणारा अभ्यासक्रम आहे, पण आपल्या घरांतून मुलींना तिकडं कोण पाठवतं? दुरुस्ती हे आपल्याला हलकं काम वाटतं. हात काळे होतात, इंग्रजी बोलावं लागत नाही, मग ते ज्ञान कसलं! या तिरस्काराची किंमत आपण दुकानाच्या काउंटरवर मोजतो, साडेसात हजारांच्या हप्त्यांत.

हक्काचंही एक वाक्य. पक्कं बिल घ्या आणि त्यावर प्रत्येक भागाचं पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरासकट, लिहून घ्या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडं तक्रार करता येते आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. दुल्हेभाई बिल आणि प्रोसेसरचं खोकं घेऊन दुकानात गेले. आवाज चढवला नाही. 'एफ'वर बोट ठेवून एवढंच म्हणाले, "ये लिस्ट आपने लिखी." वापरलेला प्रोसेसर दुकानदारानं परत घेतला नाही, पण एक जुनं, चालू ग्राफिक्स कार्ड निम्म्या किमतीत दिलं. भांडण झालं असतं तर तेवढंही मिळालं नसतं, आणि नुसतं हात जोडले असते तर बोर्ड विकत घेऊन आलो असतो. दुकानदारानं पोरीची माफी मागितली का? नाही. मी मागितली.

आता त्या घरात वहीच्या एका पानावर भाचीनं मराठीत पायऱ्या लिहून ठेवल्या आहेत: मॉनिटर, केबल, केबलची जागा, दोन्ही वीज, रॅम, धीर, बॅटरी, दिवे, खोक्यावरचं नाव. मोहल्ल्यातली दोन बंद मशीनं त्या पानावर चालू झाली. एकात रॅम सैल होती. दुसऱ्यात ग्राफिक्स कार्ड असूनही केबल बोर्डाला लावलेली होती. तिसरं मशीन खरोखरच गेलेलं निघालं, आणि तिनं तसं सांगितलं. पण तपासून सांगितलं.

कुणी मशीन घेऊन आलं की ती विचारते, "दिवा कुठला लागलाय?" कुणी जोडलं होतं, हे ती विचारत नाही.